गुरुवारचा रकाना

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सेमिस्टर संपलं त्या रात्री मी एक स्प्रेडशीट बनवली होती, अजून आहे माझ्याकडे. डावीकडे आठवडे, मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत पंधरा, आणि वर रकाने. क्लिनिक, हॉस्पिटल, शॅडोइंग (डॉक्टरमागे उभं राहून काम बघणं), बायोकेम, आणि सगळ्यात उजवीकडे "पत्रं". पहिल्या चारांत तास भरायचे होते. पाचव्यात नेमकं काय भरायचं ते मला तेव्हा कळत नव्हतं, पण रकाना केला नसता तर ती घरची जुनी पत्रं आणखी एक वर्ष फोनमध्ये पडून राहिली असती एवढं नक्की माहीत होतं.

ज्यांना इथली सिस्टिम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत प्री-मेड नावाची डिग्री नसते. मेजर कुठलाही घ्या, इतिहास घ्या, संगीत घ्या, फक्त बायो, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक, फिजिक्स, बायोकेम हे कोर्सेस झाले पाहिजेत, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, म्हणजे साडेसात तासांचा एक दिवस आणि 230 प्रश्न, आणि मग चार वर्षांच्या कॉलेजनंतर पुढच्या चार वर्षांसाठी मेडिकल स्कूलला अर्ज. मार्क आणि एमकॅटवर भागत नाही. एमडी डिग्री देणाऱ्या बहुतेक मेडिकल स्कूल्सचा अर्ज ॲमकास नावाच्या एकाच सिस्टिममधून जातो आणि त्यात तुम्ही अभ्यासाशिवाय काय केलंत ते लिहायला 15 जागा असतात. प्रत्येक जागेला 700 कॅरॅक्टर्स, स्पेससकट. त्यातल्या तीन "सगळ्यात अर्थपूर्ण" म्हणून निवडायच्या, त्यांना वर आणखी 1325 मिळतात. आणि प्रत्येक जागेत एक आकडा मागतात, किती तास.

तो आकडा डोक्यात किती खोल जातो ते आत असल्याशिवाय नाही कळत. आमच्यात भेटल्यावर "कशी आहेस" नंतरचा प्रश्न "तुझे किती झाले" हाच असायचा, आणि किती काय हे सांगावं लागायचं नाही. पेशंटजवळ घालवलेले तास, डॉक्टरमागे उभं राहून बघितलेले तास, लॅबमधले तास. उन्हाळा म्हणजे हे तास गोळा करायचा हंगाम, कारण वर्षभर ऑर्गॅनिक आणि फिजिक्समधून डोकं वर काढता येत नाही. मग सुट्टीत चित्र काढणाऱ्याची चित्रं जातात, गिटार वाजवणाऱ्याची गिटार कपाटावर जाते, आणि कोणी कोणाला सांगितलेलं नसतं की हे सोड म्हणून, ते आपलं आपणच सुटतं. माझ्या वर्गातली एक मुलगी लाकडी खुर्च्या बनवायची, खरंच सुंदर, तिने त्या उन्हाळ्यात एकही बनवली नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तर पत्रं. माझ्या मामाने आदल्या डिसेंबरात फॅमिली ग्रुपवर एकदम 61 फोटो टाकले होते. आजीच्या आजोबांची, म्हणजे माझ्या खापरपणजोबांची पत्रं, सगळी मोडी लिपीत. कोणालाच वाचता येत नव्हती. आजीला देवनागरी सोडून काही येत नाही, तिच्या वडिलांना मोडी यायची पण त्यांनी मुलीला कधी शिकवली नाही, शाळेतूनही ती तोवर गेलीच होती. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले, नमस्कारांच्या रांगा लागल्या आणि विषय संपला. मी मात्र त्यातला एक फोटो मोठा करून बघत बसले आणि पाचेक मिनिटांनी मला त्यात "श्री" दिसला. तेवढ्यावर मी अडकले. व्हॉट्सॲपने फोटो इतके दाबले होते की बारीक काने-मात्रे विरघळून गेले होते, म्हणून मामाला सांगून सगळे परत डॉक्युमेंट म्हणून मागवले.

मोडी कधी बघितली नसेल तर सांगते, आधी ओळ ओढतात. पानभर आडवी रेघ एका दमात, आणि मग तिला लटकून अक्षरं, हात शक्यतो न उचलता, एकातून दुसरं निघणारी. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, म्हणजे "दिन" आणि "दीन" सारखेच लिहिले जातात आणि माणूस दिवसाबद्दल बोलतोय की गरिबाबद्दल ते पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. आणि संक्षेप! राजश्रीचं नुसतं "रा", मुक्कामचं "मु". पण एक सोय आहे, पत्रांची सुरुवात ठरलेली असते. "कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष" हे जवळजवळ प्रत्येक पत्रात यायचं, आणि मला ते वाक्य माहीत असल्यामुळे त्यातल्या अक्षरांची वळणं त्यावरून उचलता आली. क कसा काढतात, ष्ट कसा जोडतात. आधी अर्थ आणि मग अक्षर, असं उलटं शिकले मी.

आता वेळेचं. मी त्या स्प्रिंगपासून एका क्लिनिकमध्ये स्क्राइब, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टाइप करणारी, म्हणून पार्टटाइम लागले होते, उन्हाळ्यात सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार पूर्ण दिवस. गुरुवारी हॉस्पिटलच्या एका वॉर्डात व्हॉलंटियर, दुपारी चार तास. ज्यांना वाटतं की मे मध्ये सुट्टी लागली की लगेच जाऊन व्हॉलंटियर होता येईल त्यांनी हे लक्षात घ्या, मी फेब्रुवारीत फॉर्म भरला होता. टीबीची टेस्ट, लसींचे कागद, ओरिएंटेशन, शिवाय पेशंटच्या माहितीची गोपनीयता सांभाळायचं हिपाचं ट्रेनिंग, यातच आठवडे जातात.

प्लॅन असा होता की रोज संध्याकाळी आठ ते नऊ पत्रं वाचायची. रोज एक तास, किती सोपं वाटतं कागदावर. पहिल्या तीन आठवड्यांत मी एकूण अर्धं पान वाचलं. लॅपटॉप उघडायचे, फोटो मोठा करायचे आणि त्या ओळीकडे नुसती बघत राहायचे, अक्षरं हलायची नाहीत. मला वाटायला लागलं की माझ्यात शिस्त नाही, आणि ही गोष्ट मी बरेच दिवस खरी मानली.

शिस्तीचा प्रश्नच नव्हता. स्क्राइबचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं बोलणं पकडणं. डॉक्टर पेशंटशी बोलतात, तुम्ही कोपऱ्यात बसून टाइप करता, कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. नोटचा साचा ठरलेला असतो. लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरांनी 1960 च्या दशकात पेशंटच्या नोंदी प्रॉब्लेमनुसार नीट मांडायची जी पद्धत आणली तिच्यातून आलेला, आधी पेशंट काय सांगतो ते, मग तपासात काय दिसलं, मग आपल्याला काय वाटतं, मग काय करायचं. आणि जिकडेतिकडे संक्षेप, श्वास लागतो त्याला "एसओबी", गरज पडली तर घ्यायच्या गोळीला "पीआरएन". म्हणजे दिवसभर मी तुटक खुणांतून माणसाचं म्हणणं उभं करत होते आणि रात्री घरी येऊन परत तेच, फक्त शंभर वर्षं जुन्या शाईत. डोक्याचा जो भाग त्यासाठी लागतो तो पाच वाजताच रिकामा झालेला असायचा.

हे लक्षात आलं ते एका गुरुवारी. वॉर्डातलं व्हॉलंटियरचं काम पायांचं असतं. ब्लँकेट वॉर्मरमधून गरम ब्लँकेट आणून द्यायचं, पाण्याच्या जगात बर्फ भरायचा, कोणाचा चार्जर शोधायचा, डिस्चार्ज झालेल्याला व्हीलचेअरवरून गाडीपर्यंत सोडायचं. घरी आले तर पिंढऱ्या दुखत होत्या पण डोकं मोकळं होतं, सहज फोटो उघडला आणि अकरा ओळी वाचून झाल्या. एका बैठकीत अकरा! दुसऱ्या दिवशी शुक्रवारी क्लिनिक करून बसले तर पुन्हा शून्य. मग मी रोजचा तास काढून टाकला आणि पत्रं फक्त गुरुवारी रात्री आणि रविवारी सकाळी, एवढंच ठेवलं. माझ्या मते वेळेचं गणित सगळे करतात आणि ते चुकतंच, कारण थकवा एकाच जातीचा नसतो. कशाने नेमकं काय थकतं ते बघा आणि आपलं स्वतःचं काम अशा दिवशी ठेवा ज्या दिवशी दुसरंच काहीतरी थकलेलं असतं. रिसर्च करणाऱ्याने संध्याकाळी कोडिंगचा प्रोजेक्ट घेतला तर तो रडेल, पण त्याने रोपं लावली तर कदाचित जमेल.

याची किंमत मोजावी लागली तीही सांगायला हवी. रविवार मोकळा ठेवायचा म्हणून मी एका लॅबमधलं काम नाही म्हणाले, त्यात वीकेंडलाही पेशी सांभाळायला जावं लागणार होतं. माझ्या मैत्रिणीने ते घेतलं आणि पुढे तिचं नाव एका रिसर्च पोस्टरवर लागलं. शॅडोइंग मी ठरवलं होतं त्याच्या निम्मंच झालं. जुलैमध्ये अशा कितीतरी रात्री गेल्या की मला वाटायचं मी वेडेपणा करतेय, लोक पुढे जातायत आणि मी एक न कळणारा शब्द घेऊन बसलेय. आईबाबांनी कधी थांबवलं नाही, पण बाबा एकदा जेवताना हळूच म्हणाले, "पुढच्या सुट्टीत एमकॅट आहे ना गं?" आणि मी काही बोलले नाही.

आता त्या वॉर्डातल्या एका दुपारबद्दल. पेशंटबद्दल मी काहीही सांगणार नाही, वय, बाई का पुरुष, आजार, काही नाही. एवढंच की मी बर्फाचा जग घेऊन खोलीत शिरले आणि आतून आवाज आला, "पाणी." मी ग्लास उचलला, ओतायलाही लागले. आणि दारावरचा कागद आठवला जो मी येताना वाचलाच नव्हता. एनपीओ, तोंडावाटे काहीही नाही. व्हॉलंटियरला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट, दार बघा, शंका असेल तर नर्सला विचारा, मग पाणी. कारण भूल द्यायची असेल आणि पोटात काही असेल तर ते उलटून फुफ्फुसात जाऊ शकतं. किंवा स्ट्रोक येऊन गेलेला असेल तर गिळणं नीट आहे का हे तपासेपर्यंत साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत जायचं भय असतं. ग्लासात पाणी पडलेलं होतं. मी तो खाली ठेवला आणि म्हणाले की मला आधी नर्सला विचारावं लागेल. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर मला सोपं गेलं असतं. नर्स आली, तिने ओल्या स्पंजच्या काडीने ओठ पुसले, आणि मला म्हणाली की इथे थांब दोन मिनिटं, काही करू नकोस, नुसती थांब. मी थांबले. माझे हात जगामुळे गार पडले होते आणि ते कुठे ठेवावे ते मला कळत नव्हतं.

त्याच्या साधारण तीन आठवड्यांनंतर, ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, 27 नंबरचा फोटो. वर तारीख होती, शके 1840, आश्विन. 78 मिळवले की 1918, आणि आश्विन म्हणजे साधारण ऑक्टोबर. खापरपणजोबांनी नोकरीसाठी लांब असलेल्या थोरल्या भावाला लिहिलेलं. नमस्कार विनंती विशेष झालं, आणि दुसऱ्या ओळीत एक शब्द ज्याचा शेवट मला स्वच्छ लागला, "मोडी". आधीची दोन अक्षरं "मान". मला वाटलं लिपीबद्दल काहीतरी लिहिलंय, मोडीला मान वगैरे, आणि मी तसाच अर्थ लावत पुढे गेले तर पुढचं काहीच जुळेना. गावी "मान मोडी" आली, असं कसं. रात्री साडेअकराला आजीला फोन केला, तिच्याकडे सकाळ होती. शब्द वाचून दाखवला. ती एक क्षण गप्प झाली आणि म्हणाली, "अगं मानमोडी. ती साथ. आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणायची, मानमोडीत गेला, मानमोडीत गेली."

1918 चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईत आला, आणि पावसाळ्यानंतर जी दुसरी लाट आली ती सगळ्यात वाईट, सप्टेंबर-ऑक्टोबरची, हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. हे मी एका क्लासमध्ये स्लाइडवर बघितलेलं होतं. शब्द एकदा लागल्यावर खालच्या ओळी भराभर सुटल्या, मी आजीला फोनवरच वाचून दाखवत गेले, आणि मी अर्थाकडे न बघता अक्षरांच्या नादात वाचतेय हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मुलगी तापाने आजारी. तीन दिवस. "पाणी पाणी करीत होती. वैद्यांनी देऊ नये म्हणून सांगितले, सबब दिले नाही. चौथे दिवशी पहाटे गेली."

आजी म्हणाली, "कोण मुलगी?" आजीला तिच्या वडिलांना बहीण होती हेच माहीत नव्हतं. तिचे वडील त्या वेळी सहा वर्षांचे असतील. त्यांनी जन्मभर तिचं नावही काढलं नाही, आणि पत्रातही नाव नाही, नुसतं "मुलगी". आजीने मला ती ओळ परत वाचायला सांगितली. मी परत वाचली.

त्या रात्री मला ग्लासातलं पाणी आठवलं हे वेगळं सांगायला नको. दोन्हींत फरक आहे, मला माहितीये. आज पाणी अडवलं जातं ते का आणि किती वेळ हे अभ्यासून, आणि कारण संपलं की देतात. भुलीआधी साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं असं आता धडधाकट पेशंटसाठी मानतात, पूर्वीसारखं आदल्या मध्यरात्रीपासून कोरडं ठेवत नाहीत. तापात पाणी तोडायचं नसतं, उलट द्यायचं असतं. पण दिलं नाही आणि का दिलं नाही ते भावाला लिहावंसं वाटलं, त्या "सबब" शब्दावर मी किती वेळ बसले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या एका बापाने स्वतःची बाजू मांडलीय, कोणी विचारलेलं नसताना.

सप्टेंबरात कॉलेज सुरू झाल्यावर मी हे आमच्या प्री-मेड ॲडव्हायजरना सांगितलं. त्या मनापासून माझं भलं चिंतणाऱ्या आहेत. ऐकताना त्यांचे डोळे भरून आले, आणि मग त्या म्हणाल्या, "हाच तुझा पर्सनल स्टेटमेंट." 5300 कॅरॅक्टर्सचा निबंध असतो तो, डॉक्टर का व्हायचंय याचा. आणि त्यांचं बरोबर होतं, वॉर्डातलं पाणी, पत्रातलं पाणी, कोणीही वाचून हललं असतं. मी दोन दिवस बसून लिहिलाही. चांगला झाला होता. आणि तो चांगला होत होता तसतशी मी वाक्यं जुळवत होते, ग्लास खाली ठेवला ते वाक्य आधी घ्यावं की मुलगी गेली ते आधी घ्यावं, कशाने जास्त लागेल. त्या रविवारी मी पुढचं पत्र उघडलं आणि मला जाणवलं की मी त्यात आता वापरण्यासारखं काही आहे का ते शोधतेय. म्हणजे वाचत नव्हते, चाळत होते. हे आधी कधीच झालं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, शरम वाटली, आणि ती फाइल मी डिलीट केली.

कोणी म्हणेल यात एवढं काय, आपल्याच घरचं पत्र आहे, आणि पेशंटचं नाव तर दिलं नव्हतं. हिपाचा कायदा मोडला नसता, खरंय. पण कायदा ओळख लपवायला सांगतो, एखाद्याची तहान माझ्या ॲडमिशनसाठी वापरायची की नाही हे तो नाही ठरवत, ते मीच ठरवायचं. हे मी इथे लिहितेय तेही आजीला विचारून आणि अर्जाचं सगळं संपल्यावर. इतरांनी आपल्या अनुभवांवर निबंध लिहिले त्यांना मी चूक म्हणत नाही, बऱ्याच जणांकडे लिहिण्यासारखं तेच असतं आणि ते प्रामाणिक असतं. मला त्या एका उन्हाळ्यातलं एकच काम असं हवं होतं की ज्याच्याकडे मी काही मागत नाही.

अर्जात शेवटी "हॉबी" या प्रकारात एक जागा भरली. जुनी मोडी कागदपत्रं वाचते, एवढंच, तीन ओळी. निबंध स्क्राइबच्या कामावर लिहिला, ऐकून घेणं आणि उतरवणं यावर, तो साधा होता, त्याने कोणाचे डोळे भरले नसतील. तासांच्या जागी आकडा मागितला तेव्हा मी स्प्रेडशीट उघडली. चार रकाने नीट भरलेले, पंधरा मिनिटांचाही हिशोब. पाचव्यात आकडाच नव्हता, नुसते शब्द होते. एका आठवड्याला "ष्ट लागला". एकाला "11 ओळी". एकाला "आजी". मी अंदाजाने काहीतरी भरलं.

खुर्च्या बनवणाऱ्या मैत्रिणीला मी गेल्या महिन्यात हे सगळं सांगितलं. तिने विचारलं किती पत्रं राहिलीत. 22. वेग वाढलाय, पण 40 नंबरपासून अक्षर बदलतं, जास्त घाईचं होतं, शाई मधेच फिकी पडते, रेघही सरळ राहत नाही. ही पत्रं खापरपणजोबांनी लिहिली की दुसऱ्या कोणी, तेच आधी ठरवायचंय. आज गुरुवार आहे. दिवसभर पायांवर होते. नमस्कार विनंती विशेष लागलं, त्याच्या पुढे चार अक्षरांचा एक शब्द आहे, पहिलं "वा" आहे की "ता" ते कळत नाहीये, आणि आजी उठायला अजून दोन तास आहेत.